जावयाचं पहिलं शिरस्त्राण

सासरे ऑनलाइन खेळातले नावाजलेले योद्धे. त्यांच्या मनात भरायचं म्हणून नव्या जावयाने त्याच खेळात कारागिरी सुरू केली. बरीच कातडी वाया घालवून एक शिरस्त्राण शिवलं आणि सासऱ्यांना पाठवलं.

“जावईबापू, हे डोक्यात घालायचं की यात कांदे ठेवायचे?” हेडफोनमधून सासऱ्यांचा आवाज आला. जावयाचा चेहरा पडला.

तरी सासऱ्यांनी आपलं सोन्याचं शिरस्त्राण उतरवलं, हे चढवलं आणि राक्षसावर चालून गेले. पहिल्याच फटक्यात आडवे!

“चुकलंच, बाबा.”

“तुमचं कुठे? शिवण जरासुद्धा उसवली नाही. डोकंच कच्चं निघालं!” म्हणत सासरे जिवंत झाले आणि तेच घालून पुन्हा निघाले.

“मी विणलेला स्वेटर बाबांनी एकदाही अंगात घातला नाही,” जावयाशेजारी बसलेली बायको फणकारली.