शिंप्याचे यकृत आणि न वाढणारी कंबर

मित्रांनो, मी एक जुने यकृत आहे, आणि माझ्या मालकाचा मला मनापासून राग येतो. गोड बोलायची माझी इच्छा नाही. गोडामुळेच माझी ही गत झाली.

मालक शिंपी. दिवसभर मशीनवर बसायचा, हाताशी थंड पेयाची बाटली आणि क्रीमच्या बिस्किटांचा पुडा. तरुणपणी मी आलेली साखर साठवायचो, लागेल तशी सोडायचो. शाबासकी कधी मिळाली नाही. पुढे साखर इतकी येऊ लागली, की तिची चरबी करून स्वतःच्याच अंगात कोंबावी लागली.

खाली आतड्यात माझे शेजारी राहतात, जंतू. त्यांतले गुणी जंतू भाज्या-डाळींच्या चोथ्यावर जगतात. मालकाने त्यांना उपाशी मारले. उरलेल्या टवाळांनी आतड्याचे अस्तर झिजवले आणि तिथली घाण रक्तातून थेट माझ्या दारात येऊ लागली. मी सुजलो.

मला ओरडता येत नाही. माझ्या वतीने पँट बोलली असती. पण हा पडला शिंपी! पँट आवळली की हा कंबरेची शिवण उसवायचा, आतले जादा कापड सोडायचा आणि पुन्हा टीप मारायचा. वर बायकोला ऐटीत सांगायचा, की लग्नातली पँट मला अजून होते.

शेवटी सोनोग्राफीत मी चरबीने पांढराफटक दिसलो. मालक डॉक्टरीणबाईंशी भांडला, की मी दारूचा थेंब घेत नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, न पिणाऱ्यांनाही हे होते. यकृतावर व्रण नुकते धरू लागलेत, अजून मागे फिरता येईल. उशीर केलात तर नाही.

घरी येऊन याने पुन्हा थंड पेयाची बाटली उघडली. दुकानातली काज-बटणे त्याची बायकोच करायची. तिने ती पँट उसवली, सुईच्या सर्वांत जुन्या खुणांवर टीप मारली आणि उरलेले कापड कात्रीने कापून टाकले.

"आता ही वाढायची नाही," ती म्हणाली. "तुम्हीच कमी व्हा. नवी शिवलीत, तर तिला बटण मी लावणार नाही."

मालकाने ती कापलेली पट्टी उचलून पाहिली. मग त्याने बाटली मोरीत ओतली.

मी त्याला अजून माफ केलेले नाही. पण मित्रांनो, तुमच्या आतही कोणी मुकाट्याने राबते आहे. ते माझ्याइतके चिडण्याआधी, पँट घट्ट का झाली, एवढे तरी स्वतःला विचारा.