बेटावर आगपेटी नव्हती

भामरागडला एका लग्नाला गेलो होतो, तेव्हा माझ्या बायकोने, कमलाने काठावरून नदीतलं ते बेट पाहिलं. "तिथी एक रात राहू ना," ती म्हणाली. पुढच्या उन्हाळ्यात राहू, असं मी तिला पाच उन्हाळे सांगितलं. दर वेळी ड्यूटी निघायची. पंच्याऐंशीच्या श्रावणात ती वारली.

शहाऐंशीच्या एप्रिलात मी एकटाच जायला निघालो. ऊर्जानगरच्या क्वार्टरातला माझा शेजारी जाफर म्हणाला, "एकटा जाऊन काय करशीन देवरावभाऊ? मी येतो."

दुपार कलल्यावर पोचू नावाच्या नावाड्याने आम्हाला डोंग्यातून बेटावर सोडलं आणि सकाळी येतो सांगून तो गेला. रेती, करंजाची झाडं, चारी बाजूंनी पाणी. आम्ही ताडपत्री बांधली, दगडांची चूल मांडली, काटक्या गोळा केल्या.

"आगपेटी दे," मी म्हणालो.

"मी तुले मागून राह्यलो न!"

आमच्या कॉलनीत सगळ्यांचा स्वयंपाक हिटरवर. बिडी दोघंही ओढत नाही. बुद्धाच्या फोटोपुढची अगरबत्तीसुद्धा मी हिटरच्या तारेवर पेटवतो. आगपेटी लागते, हे डोक्यातच आलं नाही.

तेवढ्यात एक बाई डोंगा वल्हवत आली. बायनाबाई तिचं नाव. बेटाच्या दुसऱ्या टोकाला मासे वाळवत होती. तिने विचारपूस केली.

"आम्ही पॉवर स्टेशनात आहो बाई. वीज बनवतो," जाफर म्हणाला.

ती डोंगा हलेपर्यंत हसली. "गावोगावी उजेड देता अन् चुलीत इस्तो नाई?"

"आमाले काठावर सोडून द्या. उपाशी कोण मरते?" जाफर म्हणाला.

"तू जा. मी नाई येत," मी म्हणालो. आज उठलो असतो तर पुन्हा आलो नसतो, हे मला माहीत होतं.

"काऊन एवढी जिद?" बायनाबाईने विचारलं.

"बायकोले राहायचं होतं इथी."

"कुठी हाय ते?"

"नाई आता. वारली."

ती डोंगा वळवून गेली आणि फुटक्या मडक्यात रसरशीत निखारे घेऊन आली. जाफर जायची गोष्ट विसरला आणि चुलीत फुंका मारून भात चढवू लागला.

"तिले इथी काय पाहाचं होतं?" बायनाबाईने मला विचारलं.

"पाच वर्षांत मी तिले ते विचारलंच नाई," मी म्हणालो.

"मंग पाहून घे न भाऊ. दिवस हाय अजून."

मी उठलो, चपला हातात घेतल्या.

"अबे, भात कोन पाहीन?" जाफर ओरडला.

"तूच पाह्य," म्हणालो, आणि पाण्याच्या कडेकडेने सगळं बेट पाहायला निघालो.