राहायला दिलेली जागा

बहारूनं तिसरी खुंटी उपटली आणि रस्त्यापलीकडे भिरकावली. लाल रंगाच्या चार खुंट्या मोजणीवाल्यांनी सकाळीच ठोकल्या होत्या. आता एकच उरली होती, खांबांवरच्या लाकडी घराच्या शिडीपाशी. त्याची आई हतिजा त्या शिडीखाली चटईवर कोकोच्या बिया वाळत घालत होती.

"ती राहू दे," ती म्हणाली.

"का राहू दे? आपल्या अंगणात दुसऱ्याची खुंटी?"

"बहारू, राहू दे म्हटलं ना."

त्याच्या कमरेला कोयता होता. तो गावात सगळ्यांच्याच कमरेला असतो. पण बहारूनं आज तो दोनदा म्यानातून काढून अंगठ्यानं धार बघितली होती, आणि दोन्ही वेळा हतिजाचे हात बियांवर थांबले होते. हद्दीपायी माणसं मेलेली तिनं पाहिली होती. तिचा सख्खा मामा वीतभर बांधासाठी गेला. मारणारा मामाचाच चुलतभाऊ होता, आणि त्याच्या लग्नात मामानं मांडव घातला होता.

सत्तावीस वर्षांपूर्वी हतिजाच्या नवऱ्यानं, ला मुरीनं, इथं खांब उभे केले. ला मुरी घरं बांधायचा. गावातली निम्मी घरं त्याच्या हातची, पण स्वतःचं बांधायला त्याच्याकडे जागा नव्हती. जमीनदार पेत्ता मांकांनी आपल्या नारळीच्या बागेतला हा कोपरा दाखवला. बोलणं झालं तेव्हा तिघंच होती. त्यातले दोघं आता मातीत होते.

यंदा सरकारी मोजणी आली. ज्याची जमीन त्याला पक्का कागद मिळणार होता. पेत्तांची मुलगी आंदी रोसमाला मकास्सार शहरातून नवऱ्याला घेऊन आली, ती त्याचसाठी. आणि काल संध्याकाळी गावप्रमुख कामारुद्दिन शिडी चढून वर आला, कॉफी प्यायला आणि आवाज खाली घेऊन म्हणाला, "वहिनी, वीस वर्षांच्या वर तुमची वहिवाट आहे. दोन साक्षीदार मी उभे करतो. तुम्ही एवढंच म्हणा, पेत्तांनी दिली."

"दिली?"

"दिली. एक शब्द. माझं घर ला मुरीनं बांधलंय, मी विसरलेलो नाही. त्या बाईला मकास्सारात काय कमी आहे?"

हतिजानं रिकामा कप उचलला होता. पण बहारू दारातच बसला होता, आणि त्याचा चेहरा उजळलेला तिनं पाहिला होता. शेजारच्या गावची हस्निया त्याला सांगून आली होती. मुलीच्या बापाची अट एकच होती: वधूच्या नावे जमीन करायची, तीही कागद असलेली. बहारूनं त्यासाठी चार वर्षं बोर्निओतल्या तेलताडाच्या मळ्यांत काढली. जमीन घेण्याइतकं तिथं साठलं नाही. कंबरदुखी तेवढी घेऊन आला.

दुपारच्या नमाजानंतर सगळे अंगणात जमले. मोजणीचे दोन कारकून, कामारुद्दिन, त्याचे दोन साक्षीदार. कुंपणाबाहेर निम्मं गाव. रोसमालानं खुंट्यांच्या रिकाम्या भोकांकडे पाहिलं, मग बहारूकडे. तिचा नवरा पुढे झाला.

"खुंट्या कुणी काढल्या?"

"ज्याचं अंगण त्यानं," बहारू म्हणाला.

"अंगण कुणाचं ते आज ठरायचंय."

"ठरवायला तू कोण रे? तू तर जावई!"

कुंपणाबाहेर कुणीतरी हसलं. रोसमालाच्या नवऱ्याच्या मानेवरची शीर फुगली. बहारूचा हात कमरेकडे गेला आणि बाहेरचं हसू जागच्या जागी विरलं.

कामारुद्दिन घाईघाईनं मध्ये आला. "हे बघा, बोलणं जिच्यासमोर झालं ती इथं आहे. तिलाच विचारू. वहिनी, ही जागा पेत्ता मांकांनी तुम्हाला दिली होती ना?"

कारकुनानं पेन उचललं.

हतिजा उठली. हातांना बियांचा आंबूस वास येत होता, तिनं ते लुंगीला पुसले. तिला पेत्ता आठवले. भरघोस मिशा, खांद्यावर पंचा. नारळाच्या बुंध्याला टेकून ते म्हणाले होते, 'मुरी, जागा माझीच राहील. पण तुला उठ म्हणणारा मी नव्हे.' एवढंच. ला मुरीनं त्यांचा हात कपाळाला लावला होता. मग दर सुगीला पहिल्या भाताच्या लोंब्या ही दोघं पेत्तांच्या दारी नेऊन ठेवत. मालकाला ठेवतात तशा.

"एम्मा," बहारू हळूच म्हणाला. लहानपणी ताप आला की तो असाच हाक मारायचा.

"दिली नव्हती," हतिजा म्हणाली. "राहायला दिली होती."

कारकुनाचं पेन हललं नाही. कामारुद्दिननं डोळे मिटले.

"एम्मा, काय बोलतेस तू?"

"जे झालं ते."

कोयता बाहेर आला. बहारू कुणाच्या अंगावर धावणार होता, ते त्याचं त्यालाही ठाऊक नसावं. रोसमालाचा नवरा दोन पावलं मागे सरला. साक्षीदार तर कुंपणापर्यंत गेले. हतिजा मात्र पुढे गेली आणि पोराच्या छातीला छाती लागेल इतक्या जवळ उभी राहिली.

"मार. आधी मला मार."

"माझी अब्रू घालवलीस तू! सगळ्या गावासमोर!"

"आणि ती पोरगी ह्या जमिनीवर आणली असतीस, तर? तिच्या नावे काय केलं असतंस? माझं खोटं?"

बहारूनं कोयता सगळ्या ताकदीनिशी नारळाच्या बुंध्यात हाणला, तिथंच रुतलेला सोडला आणि गर्दीतून वाट काढत निघून गेला.

रोसमाला दोन पावलं पुढे आली. मग म्हणाली, "बाबांनी आम्हाला काहीच सांगून ठेवलं नव्हतं. तुम्ही 'दिली' म्हणाला असतात, तर माझ्या हातात काही नव्हतं."

"मला माहीत होतं, पुआंग." थोरामोठ्यांच्या घरच्यांना गाव असंच म्हणे.

"जागा मला लागणार आहे." तिचा आवाज खाली गेला. "पण सुगीपर्यंत राहा."

"नको. येत्या शुक्रवारी घर उचलते."

बुधवारी हस्नियाच्या बापाकडून मागणीचं विड्याचं तबक परत आलं. आणणाऱ्या बाईनं ते शिडीवर ठेवलं आणि पाणीही न घेता गेली. बहारू चुलत्याकडे झोपायचा, घरी यायचा नाही.

खाडीकाठी आईकडून मागाहून आलेला एक खारा तुकडा हतिजाचा होता. त्यात भात पिकत नाही आणि भरतीला पाणी खांबांशी येतं. शुक्रवारी नमाज सुटल्यावर गाव आलं. ज्यांची घरं ला मुरीनं बांधली होती ते आले, ज्यांच्या बापांची बांधली होती तेही आले. खांबांना बांबू आडवे बांधले गेले. बायकांनी मोठ्या पातेल्यांत केळी शिजवायला टाकली. ऐंशी-नव्वद माणसं खाली शिरली, तरी मागचा कोपरा उचलेना.

तेवढ्यात बहारू आला. मागच्या कोपऱ्याचा बांबू त्यानं खांद्यावर घेतला आणि ओरडला, "उचला रे!"

घर उठलं. भिंती करकरल्या, आत कुठंतरी एक भांडं पडलं, आणि एवढं मोठं घर माणसांच्या पायांनी रस्त्यावरून चालू लागलं. हतिजा मागून चालत होती. तिला फक्त बहारूची पाठ दिसत होती, घामानं काळी झालेली, दुखऱ्या बाजूला कललेली.

घर खाडीकाठी टेकलं तेव्हा त्यानं पाय धुतले. शिडी लावली होती, पण तो वर चढला नाही.

"जेवून जा," हतिजा म्हणाली.

"गाडी थांबलीय. बंदरावर बोट आहे."

"परत मळ्यात?"

त्यानं मान डोलावली. तिचा हात धरून कपाळाला लावला, क्षणभर तसाच ठेवला. मग गेला. गाडीच्या मागच्या फळीवर तो बसला तेव्हा त्यानं तोंड बंदराकडे केलेलं होतं.

उन्हं कलल्यावर हतिजा झाडू घेऊन जुन्या जागी परतली. जिथं घर होतं तिथं फिकट, कोरडी माती होती, खांबांखालचे दगड होते, आणि शेकडो पावलांचा चिखल. ती एका टोकापासून झाडू लागली. नव्या खुंट्या ठोकून घ्यायला आलेली रोसमाला नारळीखाली उभी राहिली.

"राहू द्या हो. आम्ही करून घेऊ."

"असं कसं, पुआंग? इतकी वर्षं वापरली."

ती मागे मागे सरत झाडत राहिली. प्रत्येक फटकाऱ्यासरशी तिची स्वतःची पावलंही पुसली जात होती. रस्त्याला पाय लागला तेव्हा ती थांबली, झाडू काखेत घेतला आणि खाडीच्या वाटेला लागली.