चव्वेचाळीस पाट्या

"तुमच्या भट्टीचाच कागद आहे मिस्त्री, भरून द्या," म्हणत जावईबापूंनी फॉर्म टेबलावरून पुढे सरकवला.

मिस्त्रीनं हात न पुसताच तो उचलला, उलटसुलट पाहिला आणि होता तिथे ठेवून दिला.

"काय भरायचं यात?"

"कोक किती जाळता, त्याच्या रोजच्या नोंदी. वर्षभराच्या. आहेत ना?"

"तुमच्या कागदाला शोभतील अशा नाहीत," मिस्त्री म्हणाला आणि फॉर्मवर दोन काळे अंगठे सोडून बाहेर पडला.

जावईबापू म्हणजे फाउंड्रीच्या मालकांचे जावई. सासऱ्यांचे गुडघे गेल्यावर ते त्यांच्या खुर्चीत येऊन बसले, त्याला सहा महिने झाले होते. ओतकामाचं बीड कशाशी खातात हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण तीन दिवसांची एक परिषद मात्र ते करून आले होते. तिथून त्यांनी एक झोळी, एक पेन आणि 'हरित' हा शब्द आणला होता, आणि तिन्ही ते रोज वापरत.

परिषद होती नव्या व्यापारी कराराची. या फाउंड्रीत गटारांची बिडाची झाकणं ओतली जात आणि सगळीच्या सगळी समुद्रापलीकडच्या एका देशात जात. त्या देशाशी झालेल्या करारात आता एक कलम आलं होतं. झाकणाबरोबर त्याचा धूरही मोजायचा. कमी कोक, म्हणजे भट्टीचा कोळसा, जाळून ओतलेला माल बिनबोभाट आत घ्यायचा, जास्त जाळलेल्यावर जबर कर बसवायचा. आणि तपासणीला ज्याला नोंदी दाखवता येणार नाहीत, त्याच्या नावावर सगळ्यात घाणेरड्या भट्टीचा आकडा टाकायचा. बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर.

"त्यांची घाण झाकायला आमची झाकणं, आणि वर वास येतो तो आमच्या धुराचा!" चहाच्या वेळी मिस्त्रीनं अख्खा करार निकालात काढला.

खरं तर कलम होतं ते त्याच्याच फायद्याचं. त्याला सगळे चिंगूस मिस्त्री म्हणत. इतरांच्या भट्ट्या एका ओतणीला साठ पाट्या कोक खात, याचं चव्वेचाळिसात भागे. ओला कोक तो आत जाऊ देत नसे, चुरा चाळून काढी, मुठीएवढे तुकडे हातानं निवडी. सत्तावीस वर्षं हेच चाललं होतं. आणि नोंदी होत्याच, भट्टीत वरून कोक टाकायच्या माळ्यामागच्या भिंतीवर. पाटी पडली की खडूची एक उभी रेघ, ओतणी संपली की आडवी, शेजारी झाकणांचा आकडा. वर्ष सरलं की ओल्या गोणपाटानं भिंत पुसून नव्यानं सुरुवात. पण हे जावईबापूंना सांगणं म्हणजे गाढवापुढे वाचली गीता! सहा महिन्यांत जो माळ्याची शिडी चढला नाही, त्याला भिंत कशाला दाखवा? ती थेट तपासणीलाच दाखवायची आणि जावईबापूंचं पडलेलं तोंड बघायचं, असा मिस्त्रीचा बेत होता.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी जावईबापूंनी रंगारी बोलावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणीच्या बाई आल्या. दारात भाड्यानं आणलेल्या कुंड्या मांडल्या होत्या. बाई कुंड्यांकडे न बघता सरळ कोकच्या ढिगाकडे गेल्या आणि त्यांनी एक तुकडा उचलून पाहिला.

"हा निवडलेला दिसतो."

"हातानं," मिस्त्री म्हणाला.

"किती लागतो एका ओतणीला?"

"चव्वेचाळीस पाट्या."

"चव्वेचाळीस?" बाईंनी मान वर केली. "पन्नासच्या खाली आलेला माणूस मी अजून पाहिला नाही. नोंदी आहेत?"

"आहेत तर! वर्षभराच्या. या बाई, शिडी जपून."

वर पोचल्यावर मिस्त्रीनं भिंतीकडे पाहिलंच नाही. तो मागून धापा टाकत आलेल्या जावईबापूंचं तोंड बघत होता. ते पडलेलं नव्हतं, चांगलं फुललेलं होतं.

"दोन हात ऑइलपेंट मारून घेतला," ते बाईंना म्हणाले. "नुसत्या रेघोट्या होत्या हो, कळकट सगळं. आता कसं हरित वाटतं!"

भिंत वरपासून खालपर्यंत पोपटी झाली होती.

मिस्त्रीनं नखानं रंग खरवडला. पापुद्रा सुटला आणि त्याच्या पाठीला चिकटून खडूची भुकटीही आली.

"त्याच नोंदी होत्या," तो म्हणाला.

"मग सांगायचं नाही का? मी विचारलं होतं तुम्हाला!"

विचारलं होतं खरं. सहा महिन्यांत हा गृहस्थ पहिल्यांदाच बरोबर बोलला होता, आणि तेच मिस्त्रीच्या जिव्हारी लागलं.

बाईंनी वही उघडली. "माझा विश्वास आहे तुमच्यावर मिस्त्री," त्या म्हणाल्या. "पण मी लिहू काय? मला तो ठरलेला आकडाच टाकावा लागेल."

त्या आकड्यावर झाकणं घेणार कोण? हातातली ऑर्डर संपली की भट्टी कायमची थंड करायची, हे मालकांनी तासाभरात फोनवर सांगूनही टाकलं.

दुपारी ओतणी होती. मिस्त्री माळ्यावर चढला. पहिली पाटी टाकून त्यानं सवयीनं खडू काढला, पण तो ऑइलपेंटवर नुसता घसरत राहिला. दोनदा प्रयत्न करून त्यानं खडू खिशात ठेवला आणि मोठ्यानं मोजायला लागला.

"आता कशाला मोजताय?" जावईबापू खालून ओरडले. "कितीही घाला, आकडा तोच लागणार! संपवून टाका तो ढीग एकदाचा!"

मिस्त्रीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ओले तुकडे बाजूला काढत तो एकेक पाटी टाकत गेला. चव्वेचाळिसावी पडली. पंचेचाळिसावी कुणीतरी भरून वर आणून ठेवली होती. ती त्यानं डोक्यावर घेतली, शिडी उतरला आणि ढिगावर परत ओतली.