गायकाकडे मोटार आहे

त्या वर्षीच्या कोजागिरीला महिला मंडळावर तीन वर्षांची बंदी आली, कॅसेट जप्त झाली आणि कौसल्या गिरीपुंजेला वसाहतीच्या माइकजवळ उभे राहायला कायमची मनाई झाली.

असे काही झालेले नाही. वसाहतीच्या इतिवृत्तात त्या तारखेपुढे 'मसाला दूध उत्तम झाले' एवढेच लिहिले आहे, आणि इतिवृत्तावर विश्वास ठेवणे हे सुजाण नागरिकाचे कर्तव्य आहे. तेव्हा आपणही काही झालेच नाही असे धरून चालू.

"पाय उचल वं यमू! नाली ओलांडल्यावानी उचल!"

प्रयागबाई ओरडल्या. यमुताईंच्या अंगणात नऊ बायका हातात टिपऱ्या घेऊन गोल फिरत होत्या. मधोमध भुलाबाईच्या मूर्तीऐवजी स्टूल होते आणि स्टुलावर टेपरेकॉर्डर. त्यातून एक माणूस इंग्रजीत बोलत होता. फार बोलत होता.

एकोणीसशे सत्त्याऐंशीचा आश्विन होता. नागपुरात भुलाबाई तशी पोरींची. महिनाभर घरोघर जायचे, टिपऱ्या वाजवायच्या, सासूच्या नावाने गाणी म्हणायची आणि शेवटी खिरापत ओळखायची. पण लकडगंजच्या मागच्या या वसाहतीत पोरी दहावीच्या क्लासला जायच्या, त्यामुळे भुलाबाई आयांवर येऊन पडली होती. गाणी तीच, सासवाही बहुतेक वारलेल्या. कंटाळा आला होता.

अशात यमुताईंचे धाकटे दीर ताराचंद यांनी न्यू जर्सीहून एक कॅसेट पाठवली. एका बाजूला त्यांनी स्वतःच्या तब्येतीविषयी अर्धा तास माहिती दिली होती. दुसऱ्या बाजूवरचे आधीचे रेकॉर्डिंग चुकून तसेच राहिले होते. तिच्यावर आधी एक ढोल वाजला. मग एक माणूस बोलू लागला. बायका गाणे सुरू व्हायची वाट बघत बसल्या. ते संपले.

"हा काय करून राहिला वं?" प्रयागबाईंनी विचारले होते.

"भांडून राहिला," यमुताई म्हणाल्या.

"कोनाशी?"

"एकटाच हाय वाटते बिचारा."

पण तो ठेका! धप, धप-धप, टक. प्रयागबाईंचे वय बासष्ट. त्यांच्या उजव्या गुडघ्याला डॉक्टरांनी हलू नकोस म्हणून बजावले होते. गुडघा डॉक्टरांचे न ऐकता हलू लागला. पाच मिनिटांत नऊच्या नऊ बायका उभ्या होत्या.

त्यात कौसल्याही होती. कौसल्याचे वय त्रेचाळीस. एका सरकारी कचेरीत ती कनिष्ठ भाषांतरकार होती. इंग्रजी आदेश मराठीत आणायचे, हे काम तिने एकोणीस वर्षे एकही चूक न करता केले होते. तिचे मराठी वाचून आजवर कोणी हसले नव्हते, कोणी रडले नव्हते, आणि उपलब्ध माहितीनुसार कोणी वाचलेही नव्हते. स्वतःचे असे तिने कधी काही लिहिले नाही. घरी किराण्याची यादीसुद्धा नवरा रुपराव सांगायचा आणि ती लिहायची.

त्या ठेक्याने कौसल्याचा ताबाच घेतला. कचेरीत टाइपरायटरवर 'उपरोक्त विषयास अनुसरून' धप-धप-टकमध्ये उमटू लागले. आस्थापना विभागाच्या हेडक्लार्कने मान डोलावली आणि मग घाबरून मान तपासून घेतली.

"आजकाल तू पोळ्या तालात लाटून राहिली," रुपराव ताटावर बसून म्हणाला. तो लकडगंजात लाकूड कापायच्या आरागिरणीवर होता. टिपऱ्यांसाठी सागवानाचे तुकडे त्यानेच आणून दिले होते.

"मंग? गोल नाही होऊन राहिल्या का?"

"गोल होते ना. पन माह्या जिवाले धडकी भरते. वाटते, आता काहीतरी जाहीर होते."

ती हसली. गेल्या कित्येक वर्षांत तिला कोणी घाबरले नव्हते. कोजागिरीला वसाहतीच्या स्टेजवर या ठेक्यावर एकदा नाचायचे, एवढीच तिची इच्छा होती. नाटकात राणी, कचेरीत बढती, काश्मीरची सहल असल्या इच्छा तिने वेळच्या वेळी निकालात काढल्या होत्या. ही एक शिल्लक होती.

आड आला नियम क्रमांक अकरा. वसाहत समितीचे अध्यक्ष मनोहरराव हे निवृत्त उपअभियंता. आदल्या वर्षी एका कुटुंबाने तेलुगू गाणे म्हटले, ते भजन समजून लोक हात जोडून बसले आणि नंतर ते साबणाच्या जाहिरातीचे निघाले. तेव्हापासून नियम झाला की परभाषेतील गीताचे मराठी भाषांतर समितीला आधी सादर करावे आणि कार्यक्रमात वाचून दाखवावे.

"तुह्यं तं कामच हाय ते," यमुताई कौसल्याला म्हणाल्या. "कर ना वं एका घंट्यात."

एका घंट्यात काहीच झाले नाही. तो माणूस इतक्या घाईत बोलायचा की कौसल्या 'मी' लिहीपर्यंत तो पुढच्या कडव्यात पोचलेला असायचा. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी टेपरेकॉर्डरचे सेल उतरले. आवाज जड झाला, संथ झाला, आणि तो गडी कीर्तनकारासारखा एकेक शब्द सोडवून सांगू लागला. कौसल्याने पेन्सिल उचलली. लिहिताना आधी तिच्या भुवया वर गेल्या, मग कान तापले. मग तिने कागद उलटा ठेवला आणि भाजीला फोडणी दिली. फोडणी करपली.

दुसऱ्या दिवशी सरावाआधी तिने सगळ्यांना खाली बसवले.

"भाषांतर झालं," ती म्हणाली. "आयका."

आणि तिला येत होते त्या एकमेव मराठीत तिने वाचले:

"कलम एक. गायकाकडे मोटार आहे. कलम दोन. सदर मोटार लांब आहे. कलम तीन. मोटार पाहून स्त्रिया गायकाकडे येतात, असे गायकाचे म्हणणे आहे. त्याबाबत कोणताही पुरावा जोडलेला नाही. कलम चार. आलेल्या स्त्रियांनी बोलू नये, फक्त कंबर हलवावी. कलम पाच. एका स्त्रीने बोलण्याचा प्रयत्न केला असता गायकाने तिचा उल्लेख कुत्री असा केला आहे. कलम सहा. हे सर्व पुन्हा."

अंगण हसून लोळले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिचे मराठी वाचून कोणी हसत होते. यमुताईंना ठसका लागला. मग हळूहळू हसू ओसरले आणि सगळ्या स्टुलाकडे बघू लागल्या.

"म्हंजे," यमुताई म्हणाल्या, "पंधरा दिवसांपासून तो आपल्याले शिव्या देऊन राहिला, अन् आपन टिपऱ्या वाजवून राहिलो?"

"तालात," एकजण म्हणाली.

"त्यात काय हाय?" प्रयागबाई म्हणाल्या. "माह्या बुढ्यानं चाळीस वर्सं याच्याहून खराब म्हटलं. अन् तेही ठेक्याबिगर."

यमुताई कौसल्याजवळ सरकल्या. "अवं, लिहून टाक ना, झाडं लावा म्हनून. मनोहररावले कोन सांगते? कोनाले कळते?"

"मले कळते," कौसल्या म्हणाली.

"मंग सोडाचा का ठेका?"

कौसल्याला तो सोडायचा नव्हता. खोटे लिहायचे नव्हते. आणि त्या माणसाच्या कलम चारप्रमाणे मुकाट कंबरही हलवायची नव्हती. तिन्ही गोष्टी एकाच फायलीत बसेनात.

"भुलाबाईत सासूले उत्तर देतो," प्रयागबाई गुडघा चोळत म्हणाल्या, "मंग या मोटारवाल्याले काहून नाही? तो काय सासूपेक्षा मोठा हाय?"

त्यांनी तिथल्या तिथे ठेक्यात बसवून म्हटले:

"मोटारीत बसून म्हनते, बोलू नको बाई,
धक्का माराले मात्र लागते याले याची आई!"

मग बांध फुटला. यमुताईंनी रचले:

"कंबर पाहते टकमक टकमक, कामं सोडून सारी,
चष्मा याच्या डोक्यावर अन् शोधते घरीदारी!"

शेवटी सगळ्या कौसल्याकडे बघू लागल्या. ती लाजली, पेन्सिल चावली, दोनदा खोडले. मग कागदाकडे न बघता म्हणाली:

"लिहिलं म्या एकोनीस वर्सं लोकाईचं म्हननं,
आता माह्यं आयका जरा, मंग करा भांडनं."

प्रयागबाईंनी तिच्या पाठीत एक धपका घातला. तोसुद्धा ठेक्यात होता.

दोन्ही कागद समितीपुढे गेले: इंग्रजी गीताचे भाषांतर आणि मराठी उत्तरे. मनोहररावांनी ते वाचायला चष्मा शोधला. तो डोक्यावर होता. बाकीच्या सदस्यांनी छताकडे पाहिले.

"हे इंग्रजी गानं मंजूर," ते म्हणाले.

"तुमी भाषांतर वाचलं ना, साहेब?" कौसल्याने विचारले.

"वाचलं ना. पन लोकं गानं आयकतीन. इंग्रजी गानं कोनाले समजते? प्रश्नच नाही. पन हे मराठी?" त्यांनी दुसरा कागद दोन बोटांत धरला. "हे आक्षेपार्ह हाय. हे समजते."

"म्हंजे जे समजते ते आक्षेपार्ह?"

"स्वाभाविक हाय, बाई. जे समजतच नाही त्याच्यावर आक्षेप कसा घ्याचा?"

लेखी निर्णय दुसऱ्या दिवशी मिळाला. इंग्रजी गीत मूळ स्वरूपात वाजवण्यास हरकत नाही. महिलांनी नृत्य करावे, मात्र स्वतः काहीही म्हणू नये.

कौसल्याने तो दोनदा वाचला. गायकाच्या कलम चारशी तो शब्दशः जुळत होता. न्यू जर्सी आणि लकडगंज यांच्यात इतके एकमत असेल असे तिला वाटले नव्हते. वाचता वाचता तिच्या ओठांवर काहीतरी हालले. रुपरावने लांबूनच विचारले, "काय झालं? काही जाहीर होते का?"

"नियम अकरा," ती म्हणाली. "वाचून दाखवावे, असं लिहिलं हाय."

कोजागिरीला कार्यक्रम सायंकाळी सहाला होता. पटांगणात दोनशे माणसे, पुढे सतरंजीवर बायका, मागे खुर्च्यांवर नवरे. नऊऐवजी आठच बायका स्टेजवर गेल्या. नववी माइकजवळ उभी राहिली, हातात एक कागद.

"नियम क्रमांक अकरान्वये," कौसल्या म्हणाली.

मनोहररावांनी संमतीची मान हलवली. नियम त्यांचाच होता.

ढोल सुरू झाला. धप, धप-धप, टक. तिकडे तो गडी बोलू लागला आणि इकडे कौसल्या.

"कलम एक! गायकाकडे... मोटार... आहे!"

तिने ते वाचले नाही. ते तिच्या तोंडून ठेक्यावर आपोआप पडले, एकोणीस वर्षे टाइपरायटरखाली दबलेले असावे तसे. "सदर! सदर! सदर मोटार... लांब आहे!" सतरंजीवर खसखस पिकली. "स्त्रिया येतात! म्हणणे आहे! पुरावा जोडलेला... नाही!" टिपऱ्या नाहीवर बरोबर आपटल्या. एका बाईच्या हातातले मूल टाळ्या वाजवू लागले.

"कलम चार! बोलू नये! कंबर हलवावी!"

आणि आठही बायका थांबल्या. कमरेवर हात ठेवून, हूं की चूं न करता, नवऱ्यांच्या खुर्च्यांकडे बघत उभ्या राहिल्या. ढोल वाजत राहिला, तो माणूस बोलत राहिला. कोणीच हलेना. त्या चार ठोक्यांत पटांगणातल्या प्रत्येक बाईला ते इंग्रजी समजले. मागच्या रांगेत कोणीतरी खुर्ची सरकवली. एकजण उगाच चंद्र आला का ते बघू लागला.

"याची आई!" प्रयागबाईंना राहवले नाही. त्यांनी धक्क्याचे उत्तर ठोकून दिले, अख्खे, गुडघ्यासकट. सतरंजी उठून उभी राहिली. कौसल्याने कागद खाली टाकला. आता तिच्या तोंडी स्वतःच्या दोन ओळी होत्या. पहिली सगळ्यांनी ऐकली.

दुसरीच्या आत मनोहररावांनी टेपरेकॉर्डरचा खटका दाबला.

"बंद! हे सगळं समजून राहिलं!" ते म्हणाले.

त्यांच्या तत्त्वाप्रमाणे आता इंग्रजी गाणेही आक्षेपार्ह झाले होते. समितीने जागेवरच बैठक घेतली, बंदी आणि मनाई मंजूर केली, कॅसेट लखोट्यात घातली, लाखेने बंद केली आणि कपाटात ठेवली. कपाटाची किल्ली मनोहररावांनी जानव्याला बांधली. दूध उत्तम झाले होते, यात मात्र वाद नाही.

घरी जाताना रुपराव खिशात हात घालून चालला होता.

"ती दुसरी ओळ काय होती वं?" त्याने कोपऱ्यावर विचारले.

तिने सांगितली. तो चालता चालता थांबला, खिशातले हात बाहेर काढले, आणि काय करावे ते न कळून परत खिशात घातले. "चांगली हाय," तो म्हणाला.

सोमवारी कौसल्या कचेरीत बसली. समोर सहा आदेश पडले होते. तिने टाइप सुरू केले आणि ठेका आठवून पाहिला. धपपर्यंत आला. पुढचे सुटत होते. दुपारपर्यंत धपही पुसट झाला. जेवणाच्या सुटीत तिने एक कोरा कागद यंत्रात चढवला, कार्बन लावून तीन प्रती, आणि कोणी न सांगता, एकटीने लिहिले:

"प्रति, माननीय गायक महोदय, अमेरिका. (पत्ता अज्ञात.)

विषय: ढोल मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळवण्यात येते की, आपले गीत या वसाहतीत ऐकण्यात आले. त्यातील ठेका समाधानकारक आहे. स्त्रियांविषयीचा मजकूर तपासला असता तो वस्तुस्थितीस धरून नसल्याचे आढळले. तसेच आमच्याकडील प्रत सध्या लाखबंद आहे. तरी विनंती की, सदर गीतातील आपले म्हणणे वगळून फक्त ठेका, टपालखर्च आपण सोसून, वरील वसाहतीच्या महिला मंडळाकडे शक्य तितक्या लवकर पाठवण्याची तजवीज व्हावी. मजकूर इकडे तयार आहे."