पेत्राचं पुढं काय झालं

आमच्या चर्चचा कारभार बघणाऱ्या अण्णांनी पुठ्ठ्याचं खोकं उघडलं, आतून बारा इवले काचेचे पेले काढून पाळकसाहेबांच्या टेबलावर मांडले. खोकल्याचं औषध मोजायला असतात ना, तसले पेले.

"हे कशाला?" मी विचारलं.

"आरोग्यासाठी, सरुबाई. एकाच प्याल्याला सगळ्यांनी तोंड लावायचं म्हणजे आजकाल धोकाच."

"मंडळीत दीडशे माणसं. पेले बाराच?"

अण्णांनी पाळकसाहेबांकडे पाहिलं. पाळकसाहेबांनी पंख्याकडे पाहिलं. शेवटी अण्णाच म्हणाले, "मागच्या बाकासाठी आहेत."

अस्सं! मागच्या बाकावर हरसूलकडच्या पाड्यांवरून आलेली आदिवासी माणसं बसायची. नाशकात सरकारी दवाखान्यात झाडूपोछा करायची, दोन वर्षांमागे बाप्तिस्मा घेतलेली. त्यांच्यातली पहिली प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीचा भाकरीचा तुकडा नि द्राक्षरसाचा घोट, घेणार होती भिमाबाई, येत्या पुनरुत्थानाच्या रविवारी, ईस्टरला. आमच्या मंडळीत माझ्या आजोबांपासूनची रीत अशी, की चांदीचा एकच प्याला बाकाबाकावरून हातोहात फिरतो. एवढ्या वर्षांत कुणाला आरोग्य आठवलं नव्हतं. ते अठ्ठ्याहत्तर साली, भिमाबाईचा नंबर आल्यावर आठवलं.

"ती बेडपॅन धुते हो," अण्णा हळूच म्हणाले. शी! बोलताना त्यांच्या मिशीला सकाळच्या चहाची साय चिकटलेली होती.

माझं डोकं फिरलं. "हे पेले रविवारी बाहेर निघाले, तर मी भर उपासनेत उभी राहून सगळं बोलेन. मग लाज कुणाची जाते ते बघू."

"एवढं आहे तर तुम्हीच बसा तिच्या शेजारी, आणि प्या तिच्यानंतर," अण्णा तडकले.

"बसते की! मला काय भीती आहे?"

खोकं कपाटात गेलं. मी मोठ्या ऐटीत घरी आले.

मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवून मी निवृत्त झाले होते. दर शनिवारी मंडळीच्या लोकांचा वर्ग घ्यायचे. येशू कोण होता, शास्त्र काय म्हणतं, त्याच्यामागे पहिल्या मंडळ्या कशा चालल्या, सगळं सांगायचे. जुन्या घराण्यातले लोक जांभया द्यायचे आणि घड्याळ बघायचे. ऐकायची ती एकटी भिमाबाई. तिला अक्षर येत नव्हतं, पण एकदा सांगितलेलं ती विसरायची नाही. एकदा गावाहून येताना तिनं माझ्यासाठी नागलीचे पापड आणले होते. डब्यात तसेच राहिले होते, तळायला वेळच झाला नव्हता.

त्या शनिवारी मी मुद्दाम बायबलातल्या पौलाच्या गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय घेतला. दारही उघडं ठेवलं, कारण बाहेर व्हरांड्यात अण्णा बसले होते.

"अंत्युखिया शहरात येशूचा पट्टशिष्य पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विटाळाच्या मानलेल्या लोकांच्या पंगतीला बसून जेवायचा," मी खणखणीत आवाजात सांगितलं. "पण यरुशलेमेहून जुन्या वळणाचे लोक आले, तसा हा गडी हळूच बाजूला सरला. भ्याला! येशूबरोबर तीन वर्षं राहिलेला माणूस, आणि पंगत सोडतो! तेव्हा पौलानं त्याला सगळ्यांसमोर तोंडावर सुनावलं."

बाहेर अण्णांची खुर्ची करकरली. मला असा आनंद झाला म्हणून सांगू!

भिमाबाई पुढे सरकली. "मंग बाई, पेत्र परत पंगतीला येऊन बसला का?"

"ते लिहिलेलं नाही."

"नाय लिवलं?" तिला ते लागलंच. "आसं कसं? म्होरं काय झालं ते सांगाया पायजे का नाय?"

रविवारी मी ठरल्याप्रमाणे मागच्या बाकावर बसले, भिमाबाईच्या उजव्या हाताला. पुढचे लोक माना वळवून बघत होते. बघा म्हटलं, बघून घ्या, ढोंग्यांनो! भिमाबाईनं धुवट पांढरं लुगडं नेसलं होतं. प्याला तिनं दोन्ही हातांनी घेतला. तिनं डोळे मिटले, एक घोट घेतला, आणि प्याला माझ्याकडे दिला.

कडेवर तिच्या ओठांचा ओला ठसा होता. दातांना लावायच्या मिश्रीची बारीक काळी रेघही होती.

कितीही आवरलं तरी डोळ्यांपुढे दवाखान्याची मोरी आली, ते बेडपॅन आले. अण्णा मान लांब करून माझ्याकडेच बघत होते. मी प्याला उचलला, आणि माझ्या बोटांनी तो आपसूक अर्धा फिरवला. मी पलीकडच्या कोऱ्या कडेनं प्यायले.

अण्णांना ते दिसलं नाही. ते हिरमुसून पुढे वळले. कुणालाच दिसलं नाही. भिमाबाईला तेवढं दिसलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, प्याल्याकडे बघत होती. मग तिनं पदराच्या टोकानं आपलं तोंड पुसलं. दोनदा पुसलं.

थू माझ्या जिनगानीवर! अण्णांनी निदान पेले उघड उघड टेबलावर तरी मांडले होते. आणि ते पापड! वेळ झाला नाही म्हणे. दोन महिने वेळ झाला नाही?

उपासना सुटल्यावर मी धावत तिला फाटकाशी गाठलं. "भिमाबाई, घरी चल. चहा घेऊ." माझा आवाज मलाच खोटा वाटला.

"नको बाई, डूटी हाय." ती चालायला लागली, चार पावलांवर थांबली आणि मागे वळली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"बाई, लिवलं नसंल. पर तुमाला काय वाटतं? पेत्र परत आला आसंल का वो?"

मी एकतीस वर्षं शिकवलेली मास्तरीण. फाटकाची कडी काढत-घालत राहिले. ती दवाखान्याच्या रस्त्याला लागली.