दुकानात उरलेला केशरी

मी एक जुना पोशाख आहे. वर गुडघ्यापर्यंतचा सैल झगा आणि खाली पायघोळ परकर अशी आमची जोडी असते. मलेशियातल्या मुआर गावात आम्हाला बाजू कुरुंग म्हणतात. माझा रंग केशरी. फुंकर घातलेल्या निखाऱ्यासारखा केशरी, आणि त्यावर राणी रंगाची मोठाली फुले. आता माझ्या बाह्यांच्या कडा विरल्या आहेत, काखेत ठिगळे आहेत. पण मित्रांनो, माझी भर तारुण्यातली वर्षे कुणाच्या अंगावर गेली नाहीत. ती खुंटीवर गेली.

नदीकाठच्या बाजारात रोकियाहचे कपड्यांचे दुकान होते. सारा बाजार तिला मकचिक, म्हणजे मावशी, म्हणे. दुकानाच्या मागच्या खोलीत सपियाह नावाची शिंपीण बसायची. तिने एकाच हंगामात आम्हा भावंडांना शिवले. एक मोरपंखी, एक जांभळा, एक पोपटी आणि मी. माझा गळा पुरा झाल्यावर तिने मला दारात उन्हात धरले आणि म्हणाली, "हा घालून बाई नदीच्या पलीकडच्या काठावर उभी राहिली, तरी तिचा नवरा हाक न मारता ओळखेल."

मला काचेत पुढे टांगले. येणारीजाणारी माणसे थांबून बघत. मोरपंखी विकला गेला, मग जांभळा, मग पोपटी. आता माझी पाळी, असे मी धरून चाललो होतो.

ती आली नाही. कारण त्याच सुमारास लोकांची आवड पालटली. दुकानात नवा माल येऊ लागला तो सगळा फिकट. त्या रंगांची नावे मात्र मोठी गोड होती: बदामी दूध, ओली वाळू, सकाळचे धुके. मला ते सगळे भिजलेल्या पुठ्ठ्यासारखे दिसत. पण लोक तेच मागत आणि मकचिक तेच आणत असे. सपियाह मुलाकडे क्वालालंपूरला निघून गेली. मी काचेतून आतल्या दांडीवर आलो, दांडीवरून जिन्याखाली. माझ्या दोन्ही बाजूंना राखाडी झगे लटकत. ते येत आणि जात. कुणाशी ओळख व्हायच्या आत शेजारी बदलत असे.

कधीतरी कॉलेजच्या मुली मला बाहेर ओढत, अंगाला लावून फोटो काढत. एकदा एक जण मैत्रिणीला म्हणाली, "हा घालून रस्त्यात उभी राहा गं. खोदकाम चाललंय समजून लोक गाड्या वळवतील." सगळ्या हसल्या. मकचिकही हसली. मग मला परत टांगताना माझी एक बाही उलटी राहिली, ती कित्येक महिने तशीच होती.

एका दुपारी झुरैनी दुकानात आली. दातांच्या दवाखान्यात कामाला असलेली, चाळिशीची, अबोल बाई. अंगात राखाडी झगा, डोक्याला राखाडीच ओढणी. तिने मकचिकला भडक रंगाचे काही आहे का विचारले. मकचिकने विटकरी काढला, मग मातकट गुलाबी काढला. झुरैनीने मान हलवली. मुआरची सगळी दुकाने झाली होती, बातू पाहात शहरातली झाली, मलाक्कालाही जाऊन आली होती. तिथल्या एका मोठ्या दुकानात तिला सांगितले होते, की रंग हवे असतील तर लहान मुलांच्या विभागात बघा.

"पण तुला एवढा भडक हवा कशाला?" मकचिकने विचारले. "लग्न ठरलंय की काय तुझं?"

झुरैनी हसली नाही. ती सांगू लागली. तिच्या मकची, म्हणजे आई सेनाहची नजर झिजत चालली होती. चेहरे कधीच गेले होते. डॉक्टर म्हणाले होते, ठळक रंग तेवढे अजून काही काळ कळतील. यंदाच्या ईदेला थोरल्या बहिणीने सगळ्या घराला एकाच रंगाचे कपडे घेतले होते, ओटच्या लापशीच्या रंगाचे. भिंती त्याच रंगाच्या, पडदेही तसेच. जेवणे झाली, केतुपातच्या, म्हणजे पानांत शिजवलेल्या भाताच्या, टोपल्या रिकाम्या झाल्या आणि सगळे बसून आपापल्या फोनमध्ये बघत होते.

"आणि मकने विचारलं, सगळी गेली का गं?" झुरैनी म्हणाली. "घर भरलेलं होतं, मकचिक. मी तिच्या समोरच्या खुर्चीत बसले होते."

मकचिक जिन्याखाली वाकली आणि तिने मला बाहेर काढले. माझ्यावरची धूळ ओढणीच्या टोकाने पुसली, उलटी बाही सुलटी केली. विकायचा कपडा असा कुणी दोन्ही हातांनी देत नाही, तिने दिला.

झुरैनी मला दुकानातच घालून निघाली. मला आठवते, रस्त्यात लोक वळून बघत होते आणि ती खाली मान घालून झपझप चालत होती. तिला लाज वाटत होती, माझ्या शिवणींना ते कळत होते. घराच्या ओसरीवर मक सेनाह बसली होती. आम्ही फाटकाशी पोचलो, अजून एक शब्दही बोललो नव्हतो, तोच म्हातारीने मान वळवली.

"झु? तूच ना गं?"

मित्रांनो, मी शिवला गेलो तो खरा त्या दिवशी.

त्यानंतरची वर्षे माझ्या कामाची. बाजार, दवाखाना, नातेवाइकांची लग्ने, सगळीकडे झुरैनी मला घालून पुढे चाले आणि मक सेनाह माझ्या मागोमाग. बहीण म्हणायची, तू वेडी दिसतेस. झुरैनी म्हणायची, दिसते ना, मग झालं. रोजच्या धुण्याने माझी फुले फिकी झाली, काखा उसवल्या. मी कुरकुरलो नाही.

पण नजर थांबत नाही. हळूहळू म्हातारीला मीही दिसेनासा झालो. मग झुरैनी पुन्हा कामाच्या राखाडी कपड्यांतच राहू लागली. मी दारामागच्या खिळ्यावर गेलो. जिन्याखालच्या दिवसांपेक्षा ते दिवस कठीण होते, कारण आता मला माझे काम माहीत होते.

एका संध्याकाळी झुरैनी कामावरून येऊन ओसरीच्या कोपऱ्यात टेकली. मक सेनाहने सहज विचारले, "आज काय घातलंयस?"

झुरैनीने अंगातल्या राखाडी झग्याकडे पाहिले आणि म्हणाली, "केशरी."

"मग कोपऱ्यात का बसलीस? इकडे उजेडात बस की."

झुरैनी उठून आत आली. तिने राखाडी झगा उतरवला, मला घातले आणि बाहेर जाऊन आईच्या खुर्चीपाशी, उतरत्या उन्हात बसली. म्हातारीला काहीच दिसत नव्हते. तरी तिने समाधानाने मान डोलावली. त्या दिवसापासून ती जाईपर्यंत झुरैनीने मला रोज संध्याकाळी घातले. एकदाही चुकवले नाही.

आता मक सेनाह नाही. शुक्रवारी झुरैनी मला घालून ओसरीवर बसते. फाटकाकडे कुणी मान वळवत नाही. ती बराच वेळ बसते, मग आम्ही आत येतो.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाची नजर मंदावली असेल, तर त्यांच्या समोर भिंतीसारखे बसून राहू नका. आणि तुमच्या कपाटात माझ्यासारखा कुणी टांगून ठेवलेला असेल, तर त्याची थोडी काळजी घ्या. त्याला थंड पाण्यात धुवा, उलटा करून सावलीत वाळवा. घालाल तेव्हा मात्र उन्हात घाला.